स्वतंत्र ध्वनिमुद्रिका-व्यवस्था आणि 'द स्मिथ्स' : एका इंग्रजी संगीतसमूहाची स्थापना व प्रारंभीची वाटचाल (१९८२-१९८५)

सारांश

मँचेस्टर येथे १९८२ मध्ये स्थापन झालेला 'द स्मिथ्स' हा चार तरुणांचा संगीतसमूह अवघी पाच वर्षे टिकला. परंतु इंग्लंडमधील पर्यायी रॉक संगीताच्या जडणघडणीत त्याचे स्थान महत्त्वाचे आहे. प्रस्तुत लेखात या समूहाची स्थापना व १९८५ च्या प्रारंभापर्यंतची वाटचाल यांचा परामर्श घेतला आहे. या यशामागे कलावंतांच्या गुणवत्तेबरोबरच स्वतंत्र वितरणव्यवस्था, सार्वजनिक नभोवाणी आणि विद्यार्थी संघटनांची सभागृहे या संस्थात्मक आधारांचा वाटा कसा होता, हे येथे स्पष्ट केले आहे. त्याचबरोबर, उत्पन्नाच्या वाटणीबाबत समूहात लेखी करार नसल्याने उद्भवलेला व पुढे न्यायालयात गेलेला वाद आणि त्यातून निर्माण होणारा सामूहिक कलानिर्मितीच्या मालकीचा प्रश्न यांची चर्चा केली आहे.

बीजशब्द : पर्यायी रॉक, स्वतंत्र ध्वनिमुद्रिका कंपनी, मँचेस्टर, नभोवाणी, भागीदारी, रॉयल्टी

प्रस्तावना

कोणत्याही संगीतसमूहाची हकिकत सांगताना दोन प्रतिभावंतांची भेट, पहिला कार्यक्रम, पहिली तबकडी आणि त्यानंतरचे यश असा क्रम सहसा सांगितला जातो. हा क्रम खोटा नसतो, मात्र अपुरा असतो. तबकडी कोणाच्या पैशाने निघाली, ती दुकानापर्यंत कोणी पोहोचवली, ती नभोवाणीवरून का ऐकवली गेली आणि तिच्या विक्रीतून आलेले पैसे कोणत्या प्रमाणात वाटले गेले, हे प्रश्न त्या हकिकतीत बहुधा बाजूलाच राहतात. 'द स्मिथ्स' या समूहाच्या बाबतीत हे प्रश्न टाळता येत नाहीत. कारण त्याचा उदय आणि त्यानंतरचा कलह या दोहोंची उत्तरे त्यांतच सापडतात.

येथे एका संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. 'पर्यायी रॉक' हे नाव आज एका संगीतशैलीचे नाव म्हणून वापरले जाते. १९८० च्या दशकातील इंग्लंडमध्ये या प्रवाहासाठी 'इंडी' हा शब्द रूढ होता. तो 'इंडिपेंडंट', म्हणजे स्वतंत्र, या शब्दाचा संक्षेप होय. आरंभी त्याचा संबंध स्वरांशी वा तालाशी नव्हता, तर व्यापाराशी होता. मोठ्या कंपन्यांच्या वितरणयंत्रणेबाहेरून जी तबकडी बाजारात येई ती 'इंडी'. व्यापारातील हा शब्द पुढे शैलीचे नाव कसा झाला, हे समजून घेण्यासाठी 'द स्मिथ्स'इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

लेखाची उद्दिष्टे

१) 'द स्मिथ्स' या समूहाच्या स्थापनेची सामाजिक व सांगीतिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) समूहाच्या प्रारंभीच्या यशातील संस्थात्मक घटकांचा परिचय करून देणे.
३) समूहातील श्रमविभागणी व उत्पन्नाची वाटणी यांतून उद्भवलेल्या प्रश्नाचे स्वरूप समजून घेणे.

१. पार्श्वभूमी : मँचेस्टर, बेकारी आणि पंक चळवळ

कापड गिरण्यांचे शहर म्हणून आपल्याला परिचित असलेले मँचेस्टर १९८० च्या सुमारास औद्योगिक उतरणीला लागलेले होते. जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधील बेकारांच्या संख्येने तीस लाखांचा आकडा ओलांडला. शाळा सोडल्यावर कारखान्यात वा गोदीत काम मिळण्याची जी खात्री आधीच्या पिढीला होती ती या पिढीला राहिली नव्हती. बेकारभत्ता तुटपुंजा होता. तरी त्यामुळे निदान उपासमार टळत होती आणि हाती वेळ भरपूर होता. या काळातील अनेक तरुण संगीताकडे वळले त्यामागे ही परिस्थितीही होती.

याच शहरात संगीताची एक नवी परंपरा आकार घेत होती. ४ जून १९७६ रोजी लंडनच्या 'सेक्स पिस्टल्स' या पंक समूहाचा कार्यक्रम मँचेस्टरच्या 'लेसर फ्री ट्रेड हॉल'मध्ये झाला. श्रोते मोजकेच होते. परंतु त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे स्वतःचे समूह काढले. कार्यक्रमाचे आयोजन करणाऱ्या तरुणांच्या 'बझकॉक्स' या समूहाने जानेवारी १९७७ मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' ही छोटी तबकडी स्वतःच प्रकाशित केली. एखाद्या मोठ्या कंपनीची कृपा नसतानाही तबकडी काढता येते आणि विकता येते, हे तिने दाखवून दिले. १९७८ मध्ये 'फॅक्टरी रेकॉर्ड्स' ही स्वतंत्र कंपनी मँचेस्टरमध्येच स्थापन झाली आणि 'जॉय डिव्हिजन' हा समूह तिच्यामार्फत पुढे आला. मे १९८२ मध्ये फॅक्टरीच्याच पुढाकाराने 'हॅसिएंडा' हे संगीतगृह सुरू झाले. थोडक्यात, 'द स्मिथ्स'चा जन्म होण्यापूर्वीच स्वावलंबी संगीतव्यवहाराचे संस्कार या शहरावर झालेले होते.

२. स्थापना : दोन कलावंतांची भेट

स्टीव्हन पॅट्रिक मॉरिसी यांचा जन्म २२ मे १९५९ रोजी आयरिश स्थलांतरित कुटुंबात झाला. त्यांची आई ग्रंथालयात काम करीत असे. औपचारिक शिक्षणात त्यांचे मन रमले नाही. वाचन मात्र अफाट होते. ऑस्कर वाइल्ड हे त्यांचे आराध्य लेखक. सॅलफर्ड या मँचेस्टरलगतच्या शहरातील कष्टकरी जीवनावर 'अ टेस्ट ऑफ हनी' हे नाटक १९५८ मध्ये रंगभूमीवर आणणाऱ्या शीला डिलेनी यांचाही त्यांच्यावर खोल ठसा होता. सेक्स पिस्टल्सच्या १९७६ मधील कार्यक्रमाला ते उपस्थित होते. १९७८ मध्ये 'द नोझब्लीड्स' या समूहात त्यांनी अल्पकाळ गायन केले. १९८१ मध्ये 'न्यूयॉर्क डॉल्स' या अमेरिकन समूहाविषयीची त्यांची छोटी पुस्तिका प्रसिद्ध झाली. संगीतविषयक नियतकालिकांना पत्रे लिहिणारा, घरातच वावरणारा हा तेवीस वर्षांचा तरुण लौकिक अर्थाने अपयशीच म्हटला गेला असता.

जॉनी मार यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी, तोही आयरिश स्थलांतरित कुटुंबातच, झाला. मूळचे आडनाव 'माहर' असले तरी त्यांनी 'मार' हे लेखन स्वीकारले. किशोरवयातच त्यांनी गिटारवर असामान्य प्रभुत्व मिळवले होते आणि ते एका कपड्यांच्या दुकानात नोकरी करीत होते. जवळच 'क्रेझी फेस' नावाचे दुसरे दुकान होते. त्याचे मालक जो मॉस हे वयाने बरेच मोठे आणि जुन्या संगीताचे जाणकार होते. त्यांच्याशी जॉनी मार यांचा स्नेह जुळला. रॉक संगीताच्या पहिल्या पिढीतील प्रसिद्ध अमेरिकन गीतकार-संगीतकार जोडी जेरी लीबर व माइक स्टोलर यांच्याविषयीचा एक माहितीपट त्यांच्या पाहण्यात आला. या जोडीपैकी एकाने दुसऱ्याच्या दारात जाऊन ओळख करून घेतल्याची हकिकत त्यात होती. तिच्यापासून प्रेरणा घेऊन, १९८२ मध्ये, अठरा वर्षांचे जॉनी मार एका समाईक परिचिताबरोबर स्ट्रेटफर्ड येथील मॉरिसी यांच्या घरी थेट जाऊन पोहोचले.

या भेटीतून जी कार्यपद्धती ठरली ती अखेरपर्यंत टिकली. जॉनी मार गिटारवर स्वररचना करीत व तिचे ध्वनिमुद्रण मॉरिसींना देत. मॉरिसी तिच्यावर शब्द आणि गायनाची चाल बसवीत. समूहाला 'द स्मिथ्स' हे नाव मॉरिसींनी दिले. 'स्मिथ' हे इंग्लंडमधील सर्वांत सामान्य आडनाव. त्या काळी अनेक समूहांची नावे लांबलचक व भारदस्त असत. त्यांच्या तुलनेत हे नाव मुद्दाम साधे ठेवलेले होते. सामान्य माणसाने स्वतःच्या नावानिशी पुढे यावे, अशी भूमिका त्यातून सूचित होत होती.

ड्रमवादक म्हणून माइक जॉइस समूहात आले आणि ४ ऑक्टोबर १९८२ रोजी मँचेस्टरच्या 'रिट्झ' सभागृहात पहिला कार्यक्रम झाला. त्यावेळी बेस गिटार डेल हिबर्ट वाजवीत होते. त्यानंतर लवकरच जॉनी मार यांचे शाळेतील मित्र अँडी रोर्क यांनी ती जागा घेतली आणि समूहाची रचना निश्चित झाली. चौघांच्याही घरात आयरिश स्थलांतराचा वारसा होता, ही बाब नोंद घेण्यासारखी आहे. जो मॉस हे पहिले व्यवस्थापक झाले. सरावाची जागा व लागणारा पैसा त्यांनीच पुरवला. १९८२ च्या अखेरीस 'ई.एम.आय.' या बलाढ्य कंपनीच्या खर्चाने एक नमुना-ध्वनिमुद्रण करण्यात आले; परंतु कंपनीने पुढे करार केला नाही. याच कंपनीने पुढे १९८६ मध्ये समूहाशी करार केला. तिच्यासाठी काहीही ध्वनिमुद्रित होण्यापूर्वीच समूह विसर्जित झाला, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल.

३. स्वतंत्र वितरणव्यवस्था : 'रफ ट्रेड'चे स्वरूप

२७ फेब्रुवारी १९८३ रोजी स्टॉकपोर्ट येथील स्ट्रॉबेरी स्टुडिओत 'हँड इन ग्लव्ह' हे गीत ध्वनिमुद्रित झाले. खर्च सुमारे अडीचशे पौंड आला व तो जो मॉस यांनी केला. हे ध्वनिमुद्रण घेऊन जॉनी मार आणि अँडी रोर्क लंडनला 'रफ ट्रेड'च्या कार्यालयात गेले आणि तिचे संस्थापक जेफ ट्रॅव्हिस यांना त्यांनी ते ऐकण्याचा आग्रह केला. ट्रॅव्हिस यांनी ते प्रकाशित करण्याचे ठरवले. १३ मे १९८३ रोजी तबकडी बाजारात आली.

'रफ ट्रेड'चा आरंभ १९७६ मध्ये लंडनमधील एका तबकड्यांच्या दुकानाच्या रूपाने झाला होता. छोटे समूह स्वतः काढलेल्या तबकड्या या दुकानात विक्रीस ठेवीत. मागणी वाढू लागली तसे हे दुकान इतर गावांतील दुकानांना माल पुरवू लागले आणि १९७८ मध्ये त्याने स्वतःची ध्वनिमुद्रिका कंपनीही सुरू केली. कलावंत व कंपनी यांनी खर्च वजा जाता उरणारा नफा निम्मानिम्मा वाटून घ्यावा, हे तिचे धोरण होते. मोठ्या कंपन्या कलावंताला आगाऊ रक्कम देत व नंतर ती त्याच्या रॉयल्टीतून वसूल करीत. त्या मानाने हे धोरण बरेच उदार होते.

तथापि खरा अडसर उत्पादनाचा नव्हता, तर वितरणाचा होता. हजार तबकड्या छापून घेणे एखाद्या हौशी समूहालाही शक्य होते. देशभरातील दुकानांत त्या पोहोचवणे, त्यांचे पैसे वसूल करणे आणि मागणी येताच पुन्हा माल पाठवणे हे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. यावर उपाय म्हणून रफ ट्रेडसह यॉर्क, ब्रिस्टल, लिव्हरपूल, नॉरिच, एडिंबरा आदी ठिकाणच्या स्वतंत्र विक्रेत्या-वितरकांनी एकत्र येऊन 'द कार्टेल' नावाचे सहकार्यजाळे उभारले. प्रत्येकाने आपापला प्रदेश सांभाळावा व एकमेकांचा माल फिरवावा, अशी ही व्यवस्था होती. जानेवारी १९८० पासून स्वतंत्र तबकड्यांची वेगळी विक्रीक्रमवारीही प्रसिद्ध होऊ लागली होती. तिच्यात समावेश होण्याची कसोटी एकच होती : वितरण मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणेबाहेरून झालेले असले पाहिजे. गाणे कोणत्या प्रकारचे आहे, हा प्रश्नच नव्हता.

'हँड इन ग्लव्ह'ला राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या ७५ मध्ये स्थान मिळाले नाही. स्वतंत्र क्रमवारीत मात्र ती तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली आणि दीर्घकाळ तेथे राहिली. मोठ्या कंपनीच्या हिशेबात असे गाणे अपयशी ठरून विस्मृतीत गेले असते. स्वतंत्र क्रमवारी नसती, तर या समूहाचा श्रोतृवर्ग वाढतो आहे, हे इतक्या लवकर कोणाच्या ध्यानातही आले नसते. १९८३ च्या उन्हाळ्यात रफ ट्रेडने समूहाशी दीर्घ मुदतीचा करार केला. या करारावर मॉरिसी आणि जॉनी मार या दोघांच्याच सह्या होत्या. या बाबीचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

४. सार्वजनिक नभोवाणी आणि विद्यार्थी सभागृहे

६ मे १९८३ रोजी लंडन विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेच्या सभागृहात समूहाचा कार्यक्रम झाला. बी.बी.सी. रेडिओ १ वरील जॉन पील यांच्या रात्रीच्या कार्यक्रमाचे निर्माते जॉन वॉल्टर्स तेथे उपस्थित होते. त्यांनी समूहाला तत्काळ ध्वनिमुद्रणासाठी पाचारण केले. १८ मे रोजी चार गीते ध्वनिमुद्रित झाली व ३१ मे रोजी प्रसारित झाली. पहिली तबकडी निघून तीन आठवडेही झाले नव्हते. तोच समूहाचा आवाज देशभर पोहोचला.

नभोवाणी केंद्राने नवख्या समूहांकडून स्वतंत्र ध्वनिमुद्रण का करून घ्यावे, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होतो. याचे उत्तर एका जुन्या करारात आहे. व्यावसायिक तबकड्या वाजवल्यास वादकांचा रोजगार बुडतो, या भूमिकेतून वादकांची कामगार संघटना आणि ध्वनिमुद्रिका कंपन्या यांनी बी.बी.सी.शी करार करून तबकड्या वाजवण्याच्या तासांवर मर्यादा घातली होती. ही मर्यादा १९८८ पर्यंत अमलात होती. उरलेला वेळ भरून काढण्यासाठी बी.बी.सी.ला वादकांना मानधन देऊन नवे ध्वनिमुद्रण करावे लागे. जॉन पील यांनी या सक्तीचे संधीत रूपांतर केले आणि जे समूह कोणत्याही कंपनीला नको होते त्यांच्यासाठी बी.बी.सी.चे स्टुडिओ खुले केले. कामगार संघटनेच्या संरक्षणात्मक अटीतून नव्या संगीताला आश्रय मिळावा, हे संस्थांच्या इतिहासातील अनपेक्षित परिणामांचे लक्षणीय उदाहरण होय.

दुसरा आधार विद्यापीठांचा. ब्रिटनमधील विद्यार्थी संघटनांकडे स्वतःची सभागृहे आणि करमणुकीच्या कार्यक्रमांसाठी निधी असे. पेला विकून नफा मिळवणाऱ्या नृत्यगृहांना जो धोका पत्करणे परवडत नसे तो या संघटना पत्करू शकत. १९८४ च्या आरंभीच्या दौऱ्यातही विद्यापीठांतील कार्यक्रमांचे प्रमाण मोठे होते. समूहाच्या गीतांतील साहित्यिक संदर्भ, तिरकस विनोद आणि एकटेपणाचा सूर यांना दाद देणारा श्रोता बहुतांशी येथेच भेटला.

५. यश आणि वाद (१९८३-१९८५)

३१ ऑक्टोबर १९८३ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या 'धिस चार्मिंग मॅन' या गीताने राष्ट्रीय क्रमवारीत २५ वा क्रमांक मिळवला. २४ नोव्हेंबर रोजी समूह बी.बी.सी. दूरचित्रवाणीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या लोकप्रिय कार्यक्रमात झळकला. हातात ध्वनिक्षेपकाऐवजी ग्लॅडिओलाची फुले घेऊन गाणारे मॉरिसी हे दृश्य प्रेक्षकांच्या चांगलेच स्मरणात राहिले. फुलांचा हा वापर त्यांनी हॅसिएंडातील फेब्रुवारी १९८३ मधील कार्यक्रमापासून सुरू केला होता. कारखान्यासारख्या रुक्ष वास्तूला तो त्यांचा प्रतिसाद होता. दूरचित्रवाणीवरील त्या सायंकाळीच समूहाने मँचेस्टरला परतून हॅसिएंडात कार्यक्रम केला.

जानेवारी १९८४ मध्ये 'व्हॉट डिफरन्स डझ इट मेक?' या गीताने १२ वा क्रमांक गाठला. २० फेब्रुवारी १९८४ रोजी 'द स्मिथ्स' हा पहिला गीतसंग्रह प्रसिद्ध झाला व तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. त्याची निर्मिती सुरळीत झाली नव्हती. ट्रॉय टेट यांच्या मार्गदर्शनाखाली केलेले ध्वनिमुद्रण बाजूला ठेवून जॉन पोर्टर यांच्याकडून ते नव्याने करवून घ्यावे लागले. तरीही बी.बी.सी.वर ऐकलेली गीते अधिक सतेज होती, असे अनेक श्रोत्यांचे मत पडले. म्हणून नोव्हेंबर १९८४ मध्ये नभोवाणीसाठी केलेली ध्वनिमुद्रणे आणि सुट्या तबकड्यांवरील गीते एकत्र करून 'हॅटफुल ऑफ हॉलो' हा संग्रह काढण्यात आला. त्याच्या वेष्टनावर ३.९९ पौंडांहून अधिक किंमत देऊ नये, असे छापलेले होते. तो सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. सार्वजनिक संस्थेच्या खर्चाने झालेले काम स्वतंत्र कंपनीने माफक दरात श्रोत्यांना उपलब्ध करून द्यावे, हा त्या काळातील व्यवस्थेचा नमुनाच म्हणता येईल.

यशाबरोबर वादही आले. १९८३ मध्ये एका खपाऊ वृत्तपत्राने समूहाच्या गीतांच्या आशयावर गंभीर आरोप केले. समूहाने ते ठामपणे नाकारले, परंतु बी.बी.सी.ने एका गीताचे प्रसारण रोखले. मे १९८४ मध्ये 'हेवन नोज आय अॅम मिझरेबल नाऊ' या दहाव्या क्रमांकापर्यंत गेलेल्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूस 'सफर लिटल चिल्ड्रन' हे गीत होते. १९६३ ते १९६५ या काळात मँचेस्टर परिसरातील मुलांची जी निर्घृण हत्याकांडे घडली त्यांच्याविषयी ते होते. मृत मुलांच्या नातलगांपैकी काहींनी दुःख व्यक्त केल्यावर दोन मोठ्या दुकानसाखळ्यांनी तबकडी विक्रीतून काढली. मॉरिसींनी एका बालिकेच्या आईशी संपर्क साधून आपला हेतू स्पष्ट केला, तेव्हा वाद निवळला. ही हत्याकांडे घडली त्या काळात मॉरिसी त्याच शहरात लहानाचे मोठे होत होते. या गीतामागे सनसनाटीचा सोस नसून त्या पिढीच्या मनातील भयाची स्मृती होती, असे म्हणण्यास आधार आहे.

फेब्रुवारी १९८५ मध्ये 'मीट इज मर्डर' हा दुसरा गीतसंग्रह प्रसिद्ध झाला आणि तो थेट पहिल्या क्रमांकावर गेला. पहिल्या कार्यक्रमापासून हा टप्पा गाठण्यास अडीच वर्षांहून कमी काळ लागला होता.

६. समूहातील श्रमविभागणी

त्या काळात कृत्रिम स्वरयंत्रांवर, म्हणजे सिंथेसायझरवर, आधारलेले संगीत ब्रिटनमध्ये लोकप्रिय होते. 'द स्मिथ्स'ने गिटार, बेस, ड्रम्स व कंठ एवढ्याच सामग्रीवर भर दिला. जॉनी मार गिटारवर लांबलचक एकल वादन टाळीत. त्याऐवजी तारा सुट्या सुट्या छेडून स्वरांची गुंफण करणे आणि अशा अनेक गुंफणी एकमेकींवर रचणे, ही त्यांची पद्धत होती. १९८४ मधील 'हाऊ सून इज नाऊ?' या गीतात गिटारच्या स्वराला दिलेले कंपन हे त्यांच्या प्रयोगशीलतेचे प्रसिद्ध उदाहरण आहे. मॉरिसी यांची चाल या गुंफणीशी समांतर न जाता तिच्यावरून स्वैरपणे फिरते. त्यामुळे शब्द बोलल्यासारखे आणि तरीही गायल्यासारखे वाटतात.

रोर्क आणि जॉइस यांच्या कामाकडे मात्र दुर्लक्ष होत आले. बेस गिटारचे काम एरवी मूळ स्वर धरून ठेवण्याचे. रोर्क यांनी तिच्यावर स्वतंत्र, गाता येण्याजोगी चाल वाजवली. 'धिस चार्मिंग मॅन'मधील उसळता ठेका त्यांच्या बेसवर व जॉइस यांच्या ड्रम्सवर उभा आहे. तथापि स्वामित्वहक्काच्या रूढ व्यवहारात 'रचना' म्हणजे शब्द, चाल आणि स्वरांची मूळ मांडणी. वादकाने त्या रचनेत घातलेली भर कितीही मोलाची असली तरी तिची गणना सहसा रचनेत होत नाही. त्यामुळे सर्व स्वरचित गीतांचे श्रेय व रचनेची रॉयल्टी मॉरिसी-मार या जोडीकडेच गेली. याला उर्वरित दोघांनी आक्षेप घेतला नव्हता. प्रश्न होता तो दुसऱ्या उत्पन्नाचा, म्हणजे ध्वनिमुद्रण आणि कार्यक्रम यांतून समूहाला मिळणाऱ्या पैशांचा.

७. न लिहिलेला करार आणि त्याचे परिणाम

१९८३ च्या अखेरीस जो मॉस समूहापासून दूर झाले. त्यानंतर समूहाला दीर्घकाळ टिकणारा व्यवस्थापक लाभला नाही. हिशेब, दौरे व कंपनीशी वाटाघाटी यांचा भार वीस-एकवीस वर्षांच्या जॉनी मार यांच्यावर मोठ्या प्रमाणात पडला. या ताणाचा १९८७ मधील त्यांच्या बाहेर पडण्याशी आणि त्यापाठोपाठ झालेल्या समूहाच्या विसर्जनाशी निकटचा संबंध आहे.

ध्वनिमुद्रण व कार्यक्रमांच्या उत्पन्नातील चाळीस-चाळीस टक्के वाटा मॉरिसी व जॉनी मार घेत. रोर्क आणि जॉइस यांना प्रत्येकी दहा टक्के मिळत. या वाटणीचा लेखी करार नव्हता. विसर्जनानंतर दोघांनीही दाद मागितली. रोर्क यांनी १९८९ मध्ये एकरकमी भरपाई आणि दहा टक्के वाटा यांवर तडजोड केली. जॉइस यांनी दावा पुढे चालवला. डिसेंबर १९९६ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय देऊन त्यांना पंचवीस टक्क्यांचे समान भागीदार ठरवले. मॉरिसींचे अपील १९९८ मध्ये फेटाळण्यात आले.

निर्णयाचा कायदेशीर आधार सरळ होता. ब्रिटनच्या १८९० च्या भागीदारी कायद्याच्या कलम २४ नुसार, भागीदारांमध्ये वेगळा करार नसल्यास नफ्याची वाटणी समान होते. वेगळा करार झाल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तो सांगणाऱ्यावर असते. दुसऱ्या पक्षाने हिशेब पाहून हरकत घेतली नाही, एवढ्यावरून त्याची संमती गृहीत धरता येत नाही. आपल्याकडील भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ हा बव्हंशी याच कायद्याच्या धर्तीवर बेतलेला असून त्याच्या कलम १३(ख) मध्ये हेच तत्त्व नमूद आहे. वाणिज्य शाखेच्या अध्यापकांना भागीदारीचे हे मूलतत्त्व शिकवताना या खटल्याचा दाखला उपयुक्त ठरू शकेल.

परंतु हा प्रश्न केवळ कायद्याचा नाही. गीते लिहिणाऱ्या, निर्णय घेणाऱ्या व जबाबदारी वाहणाऱ्या दोघांना अधिक वाटा मिळावा, या म्हणण्यात काही तथ्य नव्हते, असे नाही. तसेच, ज्या चौघांच्या एकत्र वादनातून तो विशिष्ट नाद निर्माण झाला त्यांपैकी दोघांना दहावा हिस्साच मिळावा, हेही न्याय्य वाटत नाही. दोन्ही बाजू मांडता आल्या असत्या, त्यांतून मध्यम मार्गही निघाला असता. मात्र त्यासाठी १९८३ मध्येच चौघांनी समोरासमोर बसून बोलणे आवश्यक होते. ते झाले नाही. मैत्रीत पैशाचा विषय काढणे अप्रशस्त वाटते, आणि यश येईपर्यंत तो काढण्याची निकडही भासत नाही. यश आल्यावर मात्र तो विषय मैत्रीच्या मार्गाने सोडवणे कठीण होऊन बसते. चौघे पुन्हा कधीही एकत्र समूह म्हणून रंगमंचावर आले नाहीत. मे २०२३ मध्ये अँडी रोर्क यांचे निधन झाले आणि ती शक्यताही संपली.

निष्कर्ष

१) 'द स्मिथ्स'चा उदय हा दोन प्रतिभावंतांच्या भेटीइतकाच त्या काळच्या संस्थात्मक रचनेचाही परिणाम होता. एका दुकानदाराचे अडीचशे पौंड, परस्परांचा माल फिरवणारे छोटे वितरक, मानधन देऊन ध्वनिमुद्रण करणारी सार्वजनिक नभोवाणी आणि धोका पत्करणारी विद्यार्थी सभागृहे यांपैकी एक जरी दुवा नसता तरी ही वाटचाल इतकी वेगवान झाली नसती.

२) 'इंडी' ही संज्ञा मुळात वितरणाच्या पद्धतीची निदर्शक होती. त्या मार्गाने आलेल्या, गिटारप्रधान व साहित्यिक वळणाच्या गीतांना मोठे यश मिळाल्यावर तिला शैलीचा अर्थ प्राप्त झाला. या अर्थांतरात 'द स्मिथ्स'चा वाटा मोठा आहे.

३) बाह्य व्यवहारात स्वातंत्र्य व समान वाटणी यांचा पुरस्कार करणाऱ्या व्यवस्थेत वाढलेल्या या समूहाने आपल्या अंतर्गत व्यवहारात मात्र तीच स्पष्टता ठेवली नाही. परस्परविश्वास हा सामूहिक कलानिर्मितीचा पाया असतो. परंतु त्या विश्वासाला शब्दरूप दिले नाही, तर त्याचा अर्थ प्रत्येक जण आपल्यापुरता लावतो.

नाटकमंडळी, वाद्यवृंद, नृत्यपथके, इतकेच नव्हे तर एकत्रितपणे संशोधन करणारे अध्यापक यांच्यापुढेही श्रेय व मोबदला यांच्या वाटणीचा हा प्रश्न कमीअधिक प्रमाणात उभा राहतो. म्हणून मँचेस्टरमधील चार तरुणांच्या या वाटचालीचा अभ्यास संगीताच्या अभ्यासकांबरोबरच वाणिज्य, विधी व समाजशास्त्र या विषयांच्या अध्यापकांनाही उपयुक्त ठरेल.